चाळीस उंदरांचं वऱ्हाड

गुरुजी, आज दुसरीच्या मुलींना वजाबाकी शिकवायला मी तुमचीच गोष्ट काढली. चाळीस उंदरांचं वऱ्हाड भडगावाहून निघतं, गिरणा ओलांडतं, दमलेले वाटेत झोपी जातात, आणि लग्नाला किती उरले ते मुलांनी सांगायचं. माझ्या गोष्टीत मात्र कुणी झोपतच नाही. मुली चिडतात, "बाई, मग वजा काय करायचं?" मी त्यांना पाढे म्हणायला लावते.

ती गोष्ट तुम्ही आमच्यासाठी रचलीत, कागद शिवून तिची वही केलीत. रोज एकच मुक्काम वाचायचा, शेवट शनिवारी. आकडे बघून रडणारी मी त्या वहीपायी सगळ्यांच्या आधी शाळेत येई, कारण शाळेमागच्या तुमच्या खोलीतून ती आणायचा मान माझा होता. वही ठेवायच्या फळीखाली ज्वारीची पोती होती. मंगळवारी त्यांच्यामागे मला पाच उंदीर निपचित पडलेले दिसले. मी आठ वर्षांची. मला वाटलं, वऱ्हाड इथंच मुक्कामाला आलंय. वर्गात तुम्ही वाचलंत, "तीन उंदीर झोपले." मी पाटीवर पस्तीस लिहिले. तुम्ही माझा कान धरलात.

"सदतीस! पाच कुठून आणलेस?"

"पन गुरुजी, पाच शेतस. मी देखात."

"मनचं घालायचं नाही. पूस ते."

सगळा वर्ग हसला. पाटी पुसताना मी ठरवलं, आता तुम्हाला काही म्हणून सांगायचं नाही. मी मुलखाची हट्टी, अजूनही आहे. बुधवारी पोत्यांमागे नऊ होते. मी मोजले आणि गप्प बसले.

गुरुवारी जेवताना आबा, म्हणजे माझे आजोबा, आईला म्हणाले, "शेजारना गावमा उंदीर पडाले लागनात. आपला घरमा एक जरी पडना, तर बठ्ठा मळामा चाला. नहीतर गाठना ताप कोनले सोडस नही." गाठीचा ताप म्हणजे प्लेग, हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं. तेव्हा मला कळलं, ते उंदीर झोपलेले नव्हते. आबांना सांगावं असं वाटलं, पण कान अजून दुखत होता.

शुक्रवारी तुम्ही वही आणायला सांगितलंत. मी म्हणाले, पोटात दुखतंय. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात, "बरं, बस," म्हणालात आणि स्वतःच आत गेलात. शनिवारी शाळेला कुलूप होतं. पुढच्या आठवड्यात गाव रिकामं झालं, आणि तुम्ही त्याच तापानं गेल्याचं आम्हाला मळ्यातल्या झोपडीत समजलं. लग्नाला किती पोचले, ते कुणालाच कळलं नाही.

आठ वर्षांच्या पोरीला काय कळतंय, असं घरचे म्हणत आले आणि मीही ते चालवून घेतलं. हे पत्र कुठं धाडणार? शाळेच्या कपाटात, खडूंच्या खोक्याखाली ठेवीन. गुरुजी, त्या शुक्रवारी माझ्या पोटात दुखत नव्हतं.