आई मजेत आहे

२ नोव्हेंबर, रविवार
गुडघ्यांमुळे एकटं राहणं जमेना, म्हणून आज धायरीच्या या वृद्धाश्रमात आले. खोली हवेशीर आहे. बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धमूर्ती मांडली, लगेच आपलंसं वाटलं. व्यवस्थापक सोनाली मॅडम मोठ्या लाघवी. दर रविवारी ऑफिसात टॅबवर व्हिडिओ कॉल जोडून देतात. टोरांटोहून माझा प्रज्ञेश दिसला. पोराला हायसं वाटलं. शेजारी तात्याराव म्हणून आहेत. अर्धांगवायूने वाचा गेली आहे, नुसता हात दाबून बोलतात.

९ नोव्हेंबर
जेवण बेचव आहे, असं प्रज्ञेशला सांगितलं. तो हसून म्हणाला, "आई, तुला तिथलं जेवण आवडलं, बरं झालं." पुन्हा सांगितलं, तर नातीला दाखवायला लागला. आवाज पोचत नसावा.

१२ नोव्हेंबर
फाटकाला कुलूप. माझा मोबाइल मॅडमकडे. कोथरूडला मैत्रिणीकडे जाऊन येते म्हटलं, तर म्हणाल्या, "अहो हेमाताई, बाहेर जायचं नाही, असं तुम्हीच मुलाला सांगितलंत ना?"
मी असं बोललेले नाही.

१६ नोव्हेंबर
ऑफिसचं दार उघडं होतं. टॅबवर तात्यारावांची मुलगी अपूर्वा, आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत तात्याराव. खणखणीत बोलत होते, "मी मजेत आहे गं, तू येऊ नकोस." ती डोळे पुसत हसत होती.
टॅबसमोरची खुर्ची रिकामी. तात्याराव त्यांच्या पलंगावर. त्यांना हे सांगितलं, तर ते माझा हात सोडेचनात.

२० नोव्हेंबर
तात्याराव गेले. मागच्या दाराने नेलं. अपूर्वाला कळवलंत का, विचारलं. मॅडम म्हणाल्या, "रविवारी बोलतील की ते."

२३ नोव्हेंबर
बोलले.
मग माझा कॉल. मी ओरडले, प्रज्ञेश, मला इथून ने. चौकटीतली मी हसत होते. केस नीट विंचरलेले. ती म्हणाली, इथेच बरं वाटतं —

२५ नोव्हेंबर
तात्यारावांच्या खोलीत हलवलं. बाहेरून कडी. नवी गोळी सुरू. बोलायला जाते तर जीभ —

रविवार असावा
भिंतीपलीकडे ऑफिस. माझाच आवाज. प्रज्ञेश विचारतोय, डिसेंबरात येऊ का. ती म्हणते, कशाला रे एवढ्या लांब — मी डाव्या हाताने भिंत बडवतेय — तो विचारतोय, आई, आवाज कसला — ती म्हणाली, शेजारी एक भ्रमिष्ट बाई आहे, मॅडम आता तिच्याकडेच निघाल्यात —
कडी —