परसातला चिखल

ता. ११ एप्रिल

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

पायाला भिंगरी तुझ्या, पण यंदा दूरचा पाहुणा आमच्याकडे आलाय. परसातल्या चिखलात एक लांब चोचीचा पक्षी रोज उतरतो. आमच्या शाळेतले पक्षीवेडे मास्तर म्हणाले, बर्फाच्या मुलखातला आहे, इकडे साठ वर्षांत कुणी पाहिला नाही. झालं! दुर्बिणी घेऊन माणसं दारात. चहा करून करून माझे हात दुखले. तुझे भाऊजी तर पक्षी स्वतः आणल्यासारखे मिरवतात. सासूबाई अंथरुणातूनच विचारतात, पाहुणा जेवला का?

पत्र लिही. लोभ मागत नाही, तो तुला द्यावाच लागेल.

तुझी ताई

ता. १९ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मी सध्या बोटी रंगवतो. मुकादम म्हणतो, तुझा हात बोटीवर आणि डोळे भलतीकडे. खरंय ते. परवा एक बूट पाण्यात गेला. उरलेल्या एकाचं काय करू, कळव. पण ते राहू दे.

ताई, चिखल आला कुठून? चार महिने पाऊस नाही, तुमचा नळ दिवसाआड. तुमच्या परसामागे आहे काय, तर धरणाची मातीची भिंत, आणि तिची पाहणी भाऊजींकडे. गेल्या वर्षी मी असल्याच भिंतीवर माती वाहिली. तिथला म्हातारा गवंडी सांगायचा, पाझर नितळ असला तर जेवून घ्या, गढूळ असला तर ताट सोडून पळा. गढूळ पाणी भिंत आतून खातं.

पायथ्याशी पाणी फुटतं तिथेच पेला धर. नितळ निघालं तर मला खुळा म्हण. माती दिसली तर सासूबाईंना उचल आणि टेकडीवर तुझ्या शाळेत जा. भाऊजी भिंतीवरून चालतात, गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे.

रागाव, पण पेला धर. मग लोभ कर.

तुझा भिंगरी

ता. २७ एप्रिल

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

शाळेच्या बाकावर बसून लिहितेय. तुझं पत्र वाचून हसले आणि हसत हसतच पेला धरला. तासाभरात तळाशी बोटभर माती बसली. तुझे भाऊजी म्हणाले, बोटी रंगवणाऱ्याने मला भिंत शिकवू नये. मग तो पेला उन्हात धरून बराच वेळ बघत राहिले.

शेजारचे निम्मे वर आले. बाकीचे म्हणतात, दारातली गर्दी हटवायला ही भीती घालते. गर्दी तशीही गेली. पक्षी आज आलाच नाही. तो उभा राहायचा तिथे आता गुडघाभर पाणी आहे.

धरणाचा दरवाजा उघडून पाणी सोडायला भाऊजी सकाळीच गेले. जाताना पाहणीची वही माझ्या हातात दिली. वर्षभर रोज एकच शब्द, 'कोरडी'. इथल्या खिडकीतून मघापर्यंत त्यांचा पांढरा शर्ट पायथ्याशी दिसत होता.

सासूबाई आज पाहुण्याचं विचारत नाहीत. मुलाचं विचारतात, जेवला का?

टपालपेटी खालीच आहे, त्यामुळे हे पत्र कधी निघेल सांगता येत नाही. तू तिथेच राहा. लोभ होता तेवढाच आहे.

ताई