वकीलपत्र तुम्हाला का दिलं नाही

प्रिय बाबा,

दादाचा फोन आला होता. मी वकीलपत्र बाहेरच्या बाईला दिलं हे ऐकून तुम्ही भरल्या ताटावरून उठलात म्हणे. घरात वकील असताना पोरगी दारोदार फिरते, सगळ्या कोर्टात आपलं हसं होईल, असंही म्हणालात. आणि आता माझा घटस्फोट तुम्ही स्वतः लढायला तयार आहात. ऐकून बरं वाटायला हवं होतं. खरं सांगते, संताप आला.

दारोदार मात्र मी खरंच फिरले. एका वकिलांनी तुमचं नाव कळताच चहा मागवला आणि तासभर मला तुमचेच किस्से ऐकवले. दुसऱ्यांनी हळूच विचारलं, साहेबांना माहीत आहे ना? जशी काही मी शाळा बुडवून आले होते. ही बाई झेरॉक्सच्या दुकानावरच्या एका खोलीत बसते. अशिलासाठी खुर्ची एकच, तीही फायलींनी अडवलेली. तुमच्याविरुद्ध दोनदा उभी राहिले आणि दोन्ही वेळा हरले, हे तिनं मी बसायच्या आतच सांगून टाकलं आणि पेन उघडलं. मला तेवढं पुरे होतं.

तुमच्या जावयानं दाव्यात काय लिहिलंय ते दादानं सांगितलं असेलच. मला घरात कधीच त्रास नव्हता, मी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही, लहर आली म्हणून पोरीला घेऊन निघाले, सबब पोरीचा ताबा त्याला मिळावा. तुमची नात शाळेतून आली की आधी दाराची कडी आतून लागलीय ना ते बघते, मग दप्तर काढते. पण कडी बघणं हा काही पुरावा नाही. बाई म्हणतात, पुरावा आणा. कुठून आणू? हात उचलण्याआधी तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. शेजारी म्हणतात, त्या घरात त्रास असलाच तर टीव्हीचा.

जेवताना तुम्ही आम्हाला तुमच्या उलटतपासण्या रंगवून सांगायचात. बायको नांदायला परत गेली ना, मग छळ कसला, हा तुमचा हुकमी प्रश्न. त्यावर बाया कशा गप्प व्हायच्या ते सांगताना तुम्ही हसायचात, आम्हीही हसायचो.

आणि मग एका दुपारी मी सुजलेलं मनगट घेऊन तुमच्या ऑफिसात आले. बाहेर अशील ताटकळत होते. तुम्ही दार लोटलंत, चष्मा लावून मनगट उलटंसुलटं करून पाहिलंत आणि म्हणालात, "डॉक्टरकडे जाऊ नकोस. एकदा कागद झाला की घर मोडतं." वाटेत बर्फ घेऊन दिलात आणि गाडीनं मला त्याच्या दारात सोडून आलात. हे वडील बोलले की वकील, ते मला अजून कळलेलं नाही. मी कागद केला नाही. घर मोडायचं ते मोडलंच, आता पोरही जायची वेळ आली आहे.

तुमच्या हुशारीवर माझा विश्वास नाही असं मुळीच समजू नका. पण ज्या दाव्यात वकील व्हायचं, त्यातच साक्षीदार होता येत नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार? ते मनगट पाहिलेला माणूस जगात एकच आहे. या आठवड्यात तुम्हाला समन्स येईल. बेलिफाच्या हातून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. बाई एवढंच विचारणार आहेत, की हात पाहिलात का आणि पाहून काय सांगितलंत. मग त्याचा वकील उठेल आणि विचारेल, पोरीचा हात सुजलेला दिसत असताना तुमच्यासारखा नामांकित वकील गप्प कसा बसला? बाई म्हणाल्या, याचं उत्तर आपल्याला आधी ठाऊक असायला हवं. मी म्हटलं, मला ठाऊक नाही. मलाही ते तिथंच ऐकायचं आहे.

तुमचीच,
धाकटी