मदरचा आवाज कोणी घालवला

३ मार्च, सोमवार. सकाळी दहा वाजून दहा मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढे लागेल. या वेळी मिस्त्रीने मदर परत आणून दिली आणि ती मुकी होती.

अडतीस वर्षं ही गाडी माझ्याकडे आहे. दोन सीट, उघडं टप, लांब नाक, माझ्याहून चार वर्षांनी लहान. लोक लग्न करतात त्या वयात मी ही घेतली आणि अजून पश्चात्ताप नाही. नाव आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर सुपीरियरवरून: ती वळणावर असतानाच आवाज यायचा आणि सगळे सरळ उभे राहायचे. खाली घोगरा, चढताना थोडी खरखर, पाय उचलला की ठसके. मिस्त्रीला सायलेन्सरचं फुटलेलं तोंड तेवढं जोडायला सांगितलं होतं. तोंड जोडलं आणि वाचा काढून घेतली.

वर म्हणे, "मॅडम, आवाज तोच आहे."

मी म्हटलं, मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, त्यातली बारा सुपरवायझर. लाइनवरच्या नुसत्या गुणगुणीवरून कुठली तार सडली आहे ते सांगत असे. आवाज म्हणजे काय ते मला तुम्ही शिकवू नका. त्यावर काहीतरी पुटपुटला. हल्ली सगळेच पुटपुटतात. आमच्या इंग्लिशच्या सिस्टर अशांना दातात आडवी पेन्सिल धरून कविता म्हणायला लावत.

ठराव: गाडी माझी, कान माझे, सायलेन्सर मीच नीट करणार. घरी. २३ तारखेला जुन्या गाड्यांच्या रॅलीची तपासणी, ३० ला रॅली. बावीस वर्षांत एकही चुकलेली नाही. मुक्या गाडीने जायचं तर पायी गेलेलं बरं.

४ मार्च

नवी किटली शिट्टी वाजवत नाही. पाणी आटून बूड काळं ठिक्कर. धाकटी बहीण (जी माझ्याकडे चार दिवसांसाठी आली त्याला सोळा वर्षं झाली) म्हणे, ताई, वाजत होती, मी बाथरूममधून ऐकली. बाथरूममधून ऐकलीस तर बाहेर येऊन बंद का नाही केलीस? उत्तर नाही. असलं तर पुटपुटली.

दुकानाला पत्र लिहिलं. सात दिवसांत लेखी खुलासा.

७ मार्च

मदरला जॅकवर चढवलं, खाली स्टँड लावले, सतरंजी घालून पाठीवर आत गेले. सायलेन्सर दोन क्लँपवर लटकतो. चार नट. अर्ध्या तासाचं काम.

धाकटी बॅटरी धरायला. तिचं म्हणणं, गाडी वर आणि तू खाली, हे काही बरं दिसत नाही. मी म्हटलं, तू बॅटरी माझ्या डोळ्यांत धरतेस हेही बरं दिसत नाही.

दुपारी साडेतीन: एक नट निघाला. उरलेले तीन गंजाने एकजीव. तेल सोडून ठेवलं आहे.

९ मार्च

निघाला. तिन्ही नट करवतीने कापावे लागले. त्याला निघणंच म्हणतात.

नेमका मिस्त्री आपला पाना विसरला होता तो न्यायला आला आणि माझ्या हातात करवत बघून उंबऱ्यातच थबकला. म्हणाला, "मॅडम, हा डबा गाडीबरोबर जन्माला आलाय. हा कापू नका. असा दुसरा मिळायचा नाही. बिघडवलात तर मी हात लावणार नाही, आताच सांगतो." हे मात्र खणखणीत बोलला. धमकी द्यायची असली की लोकांना आवाज फुटतो.

तो गेल्यावर डबा कापला.

आत अगदी साधं आहे. छिद्रं पाडलेली नळी, तिच्याभोवती काचेचा कापूस, आणि मध्ये दोन पत्र्याचे पडदे. आवाज आत शिरतो, कापसात गुदमरतो, पडद्यांवर डोकं आपटतो आणि सभ्य होऊन बाहेर पडतो. एक्स्चेंजमध्ये नवीन मुलींचं असंच व्हायचं. मिस्त्रीने कापूस ठासून भरला आहे, हे उघड आहे. निम्मा काढला. बाकी काही बिघडलेलं नाही. मानेपासून कोपरापर्यंत भयंकर खाज.

१२ मार्च

निम्मा कापूस काढून काही फरक पडला नाही. शाळेच्या गायनवृंदात मागच्या रांगेत उभ्या केलेल्या मुलीसारखा आवाज. म्हणून सगळाच काढला. टाकला नाही, पिशवीत भरून ठेवला.

बसवून गाडी सुरू केली. किंचित सुधारणा. दूर कोणीतरी कपाट सरकवत असल्यासारखं.

अकरा वाजता शेजारचे दंतवैद्य आले. त्यांचा दवाखाना आणि आमचं गॅरेज यांच्यात एकच भिंत. उजव्या तर्जनीला पट्टी. म्हणे, तुम्ही गाडी सुरू केलीत आणि पेशंटने दचकून माझं बोट चावलं. मी म्हटलं, तुमचे पेशंट तुम्हाला चावतात यात माझ्या गाडीचा काय संबंध? माणूस सभ्य आहे, पण बोलताना तोंड फार मोठं उघडतो. धंद्याची सवय.

जाताना म्हणाले, माझ्या ओळखीचे एक कानाचे डॉक्टर आहेत. मी म्हटलं, असतील. पेशंटच्या कानांचं काही बिघडलं असेल तर जरूर पाठवा.

१५ मार्च

एका पडद्याला आधी ड्रिलने आठ भोकं पाडली. मग आणखी बारा. मग पडदाच काढला. अर्धवट कामाचा मला तिटकारा आहे.

धाकटीला सर्दी झालेली दिसते. दोन्ही कानांत कापूस घालून फिरते. चहा हवा का ते खुणेने विचारते. मदरमध्ये बसायला नाही म्हणते. पाठ दुखते म्हणे. सोळा वर्षं दर रविवारी डोक्याला रुमाल बांधून शेजारी बसत होती, तेव्हा पाठ कुठे होती?

एक नवीन दुखणं. गाडी पटकन सुरू होत नाही. किल्ली फिरवली, काही नाही. पुन्हा फिरवली, तर खालून दात खाल्ल्यासारखं काहीतरी हाताला लागलं. धाकटी समोर उभी राहून दोन्ही हात हलवत होती. हात हलवून गाडी सुरू होत नसते, असं तिला सांगितलं. तिसऱ्यांदा फिरवणार तेवढ्यात आरशात पाहिलं, तर मागून धूर येतच होता. म्हणजे आधीच सुरू होती. स्टार्टर खराब. मिस्त्रीचाच प्रताप.

१८ मार्च

दुसरा पडदाही काढला. आता डबा म्हणजे नुसता डबा आहे. आवाजाला अडवायला आत काहीही नाही. अजूनही हवा तसा येत नाही, पण मी हार मानणाऱ्यांतली नाही.

बॉनेटवर झोपणारं मांजर चार दिवस दिसलेलं नाही. दंतवैद्यांनी सकाळची वेळ बदलून दुपारची केली आहे. लोकांनी शिस्त लावून घेतली तर चांगलंच आहे.

पोस्टमनने दारात चिठ्ठी टाकली: "बेल वाजवली, घरी कोणी नाही." मी दारापासून आठ पावलांवर पेपर वाचत होते! पोस्टाला पत्र. दहा दिवसांत लेखी खुलासा.

किटलीच्या दुकानाने बदली किटली पाठवली. तीही मुकी.

२१ मार्च

तपासणीची तयारी. चाकं धुतली, क्रोम पुसलं, फॉर्म भरला. 'गाडीत केलेले बदल' या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलं. सायलेन्सर मूळचाच आहे. त्यातलं काढलं आहे, घातलेलं काहीच नाही.

धाकटीने जेवताना काहीतरी बराच वेळ समजावून सांगितलं. मी मान हलवली. तिला बरं वाटलं असावं, कारण तिने माझा हात दाबला. कशाला हो म्हणाले ते कळेलच.

२३ मार्च, रविवार. रात्री आठ.

लिहिणार नव्हते. पण वस्तुस्थितीची नोंद असावी.

मैदानावर तेवीस गाड्या. प्रत्येक गाडीच्या मागे तिवईवर आवाज मोजायचं यंत्र. मर्यादा पंचाण्णव. मला भीती होती की मदरचा आकडा हास्यास्पद कमी येईल, म्हणून तपासनिसाला प्रेमाने म्हटलं, यंत्र जरा जवळ आणा. मी गाडी सुरू केली, पाय दाबला. त्याने यंत्र लांब नेलं.

एकशे सतरा.

मी म्हटलं, तुमचं यंत्र तपासून घ्या. त्याने बिचाऱ्याने निमूटपणे पुढच्या गाडीचं मोजून दाखवलं: अठ्ठ्याऐंशी. पुन्हा मदर. एकशे अठरा. मी मान वर केली तर मैदानावरच्या सगळ्या माणसांचे हात कानांवर. आधी वाटलं, चेष्टा करताहेत. पण एवढी माणसं एकाच वेळी विनोदी कशी होतील? धाकटीने तर डोळेही मिटून घेतले होते.

मिस्त्री दुसऱ्या कोणाची गाडी घेऊन आला होता. तो हसला नाही. तो मदरच्या मागे वाकला, नळीत बोट घालून बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. कोणी गेल्यावर काढतात तशी. मग धाकटीशी काहीतरी बोलला. माझ्याशी नाही.

फॉर्मवर तांबडा शिक्का: अपात्र.

घरी येताना धाकटी शेजारी बसली होती. पाठ दुखत असूनही. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, स्पष्ट बोल. पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, दातात पेन्सिल धर. तेव्हा तिने खरंच पर्समधून पेन्सिल काढली, त्या अपात्र फॉर्मच्या पाठीवर लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं:

"ताई, आवाज कधीच गेला नव्हता."

तिचं अक्षर अजून सुधारलेलं नाही.

२४ मार्च

धाकटी बाजारात गेल्यावर गॅरेजमध्ये गेले. मदर सुरू केली. म्हणजे किल्ली एकदाच फिरवली आणि थांबले. मग उतरून मडगार्डवर तळहात ठेवला.

हाताला सगळं कळलं. कोपरापर्यंत. कानाला कपाट सरकवल्यासारखं, तेही दुसऱ्या गावात.

स्टार्टरचं मिस्त्रीला उगाच लावलं.

२५ मार्च

हाताचं काही सांगता येत नाही. संधिवातही असू शकतो.

२७ मार्च

२१ तारखेला जेवताना मी कशाला हो म्हटलं होतं ते कळलं. दंतवैद्यांच्या ओळखीच्या त्या कानाच्या डॉक्टरांकडची वेळ.

काचेची खोली, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. एकतीस वर्षं हेडफोन लावून बसलेल्या बाईची ही असली परीक्षा! मी भराभर दाबत होते. काचेपलीकडच्या मुलीचा हात यंत्रावर हलला की दाबायचं, यात अवघड काय? पाच मिनिटांनी ती आत आली आणि माझी खुर्ची भिंतीकडे फिरवून गेली. शाळेतसुद्धा मला कधी भिंतीकडे तोंड करून बसवलं नव्हतं.

भिंतीकडे बघत मी बराच वेळ बसले. बटण गरम झालं हातात. शेवटी मीच वळून विचारलं, सुरू कधी करणार? ती म्हणाली (नंतर कागदावर लिहून), संपलं.

आलेख जिन्यासारखा खाली जातो. कान हळूहळू गेले असतील, पाच-सहा वर्षांत, म्हणे. नोकरीतला हेडफोन आणि ती गाडी, दोघांनी मिळून. मी म्हटलं, मदरचं नाव घेऊ नका. कानात घालायचं यंत्र पंधरा दिवसांनी येईल. मी ते घालीन असं म्हटलेलं नाही. फक्त विचारलं, त्यातून गाडीचा आवाज पूर्वीसारखा येईल का? मुलीने लिहिलं: "येईल. यंत्रातून येतो तसा."

मुलगी खोटं बोलणारी नाही. अक्षरही सुरेख.

३० मार्च, रविवार

आज रॅली आमच्या रस्त्यावरून गेली. खिडकीत उभी होते. बावीस गाड्या, एकामागून एक, सिनेमाचा आवाज बंद पडल्यासारख्या. धाकटी शेजारी उभी राहून प्रत्येक गाडीला मान डोलवत होती. मग लक्षात आलं, मला दाखवण्यासाठी ती त्यांच्या तालावर डोलत होती. चांगलं करत होती. मी तिला सांगितलं, पुरे आता.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला रोज झोपण्यापूर्वी दिवसभरातली चूक आठवायला लावत. माझी कधी सापडत नसे. आज डबा मांडीवर घेऊन बसले. रिकामा आहे. आरपार दिसतं.

३१ मार्च, सोमवार. सकाळी दहा वाजून दहा मिनिटे.

पत्राचा मसुदा. धाकटी हाती नेऊन देईल.

मिस्त्री यांस,

सोबत सायलेन्सरचा डबा, त्यातले दोन पडदे (एकाला वीस भोकं आहेत, ती माझी) आणि कापसाची पिशवी. बिघडवलात तर हात लावणार नाही असं तुम्ही म्हणाला होतात. बिघडवला आहे. हात लावावा.

पुढील मुद्द्यांवर लेखी खुलासा हवा आहे.

ता. ३ मार्च रोजी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी तुम्ही गाडी परत दिलीत, तेव्हा तिचा आवाज पूर्वीसारखाच होता का? हो किंवा नाही. तेव्हा तुम्ही तोंडी सांगितलं होतं, ते मी धरलं नाही.

हा डबा पुन्हा जोडता येईल का? येत असेल तर जोडून, गाडीला बसवून, गाडी सुरू करा आणि ऐका. खाली घोगरा आहे का, चढताना खरखर आहे का, पाय उचलल्यावर ठसके येतात का आणि किती. मला आठवतात ते तीन. बहिणीला विचारणार नाही. ती मला बरं वाटेल तेच सांगते. तुम्ही तसं आजवर कधी केलेलं नाही.

जसं ऐकाल तसं लिहा. सविस्तर. शुद्धलेखनाकडे मी दुर्लक्ष करीन.

उत्तर शुक्रवार, ता. ४ एप्रिल, सायंकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हाती पडलं पाहिजे. लेखीच. बेल वाजवू नये, दाराखालून आत सरकवावं. आणि कृपा करून फोन करू नये.