अकरा रिकामी पाकिटं

प्रिय टाचणी,

आता तुझ्या हाताखाली चार माणसं कामाला आहेत, तरी मी टाचणीच म्हणणार. लहानपणी टोचायचीस, अजून फोनवर टोचतेस. म्हणूनच फोन न करता लिहायला बसले. कागद मध्येच तोंड घालत नाही. अक्षर मोठं आलंय आणि ओळी उताराला लागल्यासारख्या खाली चालल्यात, त्यावरून हसू नकोस. तीन दिवस झाले, शाळा झाडून झाली की पहिलीच्या वर्गात मागच्या बाकावर बसते आणि चार ओळी ओढते. लिहायला शिकले तीही याच बाकावर. तुझी आई मांडीवर आणि झाडू पायाशी.

शाळा आहे तशीच आहे, म्हणजे होती त्याहून वाईट आहे. मुलं चौऱ्याण्णव. मोठ्या सिस्टर तिसरी आणि चौथी एकदम घेतात, मधल्या दारात उभ्या राहून. इकडे पाढे, तिकडे कविता. परवा तिसरीनेच कविता म्हणून दाखवली आणि चौथी नुसती बघत बसली. सिस्टरांचे गुडघे गेलेत, पण खुर्ची घेत नाहीत. खुर्ची एकच धड आहे, ती त्यांनी पाहुण्यांसाठी राखून ठेवलीय. खडू संपले की तुकडे डबीत गोळा करतात आणि मास्तरणींना औषधाच्या गोळ्यांसारखे मोजून देतात. दोन्ही मास्तरणींचा पगार बिशपांच्या कचेरीतून येतो. येत होता, असं म्हणायची पाळी येतेय. येत्या जूनपासून बंद करायचं ठरलंय. येत्या गुरुवारी कचेरीतला माणूस कागद घेऊन येतोय. फादरांनी त्यावर सही केली की पगार थांबला, आणि पगार थांबला की शाळेला कुलूप. किल्ली माझ्याच कमरेला असते, म्हणजे कुलूपही मलाच लावायला सांगतील. काल चहात मीठ घातलं आणि निम्मा कप प्यायल्यावर कळलं.

तुला आपली पाकिटांची पद्धत आठवत असेल. प्रत्येक घराला एक नंबर, नंबराचं पाकीट, महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेसाठी त्यात पैसे घालून टोपलीत टाकायचे. आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी मिस्साची प्रार्थना संपली की ज्यांचं पाकीट रिकामं निघालं त्यांचे नंबर वेदीसमोरून वाचायचे. नाव घेत नाहीत, नुसता नंबर, याला म्हणे सभ्यपणा. अगं, कोणाच्या घराचा नंबर काय ते कुत्र्यामांजरांनाही ठाऊक असतं. तुझे आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा सात महिने आपला बेचाळीस वाचला गेला. तू सात वर्षांची होतीस. पहिल्या महिन्याला मोठ्या आवाजात म्हणालीस, आजी, आपला नंबर आला. बक्षीस लागलं असं वाटलं तुला. तिसऱ्या महिन्याला मात्र बाकाखाली जाऊन बसलीस, चप्पल शोधतेय म्हणालीस. चप्पल पायातच होती.

दोन वर्षांपूर्वी फाटकासमोरच्या शिंप्याचा सतरा नंबर लागोपाठ तीनदा वाचला. आपल्या शाळेचे गणवेश शिवतो तो, निम्म्या पालकांकडे त्याची शिलाई थकलेली. चौथ्या महिन्यात त्याने दोन्ही मुलींना शाळेतून काढलं. मी विचारायला गेले तर मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "आजी, पाकीट तरी कशाला टाकायचं? न टाकलं तरी वाचतात, रिकामं टाकलं तरी वाचतात." मुली आत पोत्यावर बसून गुंड्या लावत होत्या. धाकटी एकेक गुंडी पाढ्यासारखी मोजत होती. मला राग आला. शिंप्याचा नाही, फादरांचाही नाही. त्यांना बिचाऱ्यांना मागच्यांनी घालून दिलेली पद्धत मोडायची भीती वाटते. राग कोणाचा ते मला धड सांगता येत नाही, पण त्याच रविवारी मी हात चालवला.

टोपली देवळातून वेदीमागच्या खोलीत नेण्याचं काम माझं, हे तुला माहीत आहे. मध्ये अंधारा बोळ लागतो. रिकामं पाकीट बोटाला कळतं, त्याला डोळे लागत नाहीत. पाकीट टाकायचं कोणी चुकवत नाही, बोलला तरी शिंपीही नाही. लोक बिचारे रिकामंही चिकटवून टाकतात, जणू गोंद पाहून आत काही असेल असं वाटावं. मी ती उघडून नोट घालायची आणि पुन्हा चिकटवायची. सोमवारी सिस्टर पाकिटं फोडून वहीत लिहायच्या. आधी चार होती, मग सात, आता अकरा. शेवटच्या रविवारी वाचायला एकही नंबर उरेना. शिंप्याच्या मुली परत आल्या. त्याला वाटलं वही लिहिणाऱ्याची चूक झालीय, आणि आपल्या फायद्याची चूक कोण दाखवून देतो? अकराच्या अकरा घरांनी तोंडाला कुलूप लावलं. प्रत्येकाला वाटलं, चूक आपल्या एकट्याच्याच बाबतीत झालीय.

मग आले वर्षाचे हिशोब. कचेरीतल्या माणसाने वही चाळली. आपल्या देवळाखालची त्रेसष्ट घरं, दोन वर्षांत एक खाडा नाही. तो म्हणाला, असा धर्मग्राम मी नोकरीत पाहिला नाही. फादर फुलून गेले, वेदीवरून सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सुद्धा वाजवल्या. टाळ्या विरायच्या आत महिन्याभरात पत्र आलं: तुमची मदत अडचणीतल्या धर्मग्रामांसाठी होती, तुमच्याकडे सगळेच भरतात, तेव्हा आता आपली शाळा आपणच चालवा. म्हणजे बघ, ज्यांनी शाळा बुडू नये म्हणून कधी बोट उचललं नाही ते मोकळे, आणि बुडवली ती झाडूवालीने, मदत करता करता.

काल फादरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, आजी, हे पटलं तर मदत चालू राहील, पण कचेरीतला माणूस दोन गोष्टी विचारेल. घरं कोणती, आणि झाडूवालीकडे एवढे पैसे आले कुठून. पहिल्या गोष्टीचं उत्तर मी मेले तरी देणार नाही. शाळा वाचवायला अकरा नंबर पुन्हा वाचायचे असतील तर मग एवढं केलं कशाला? पण शिंपी काय म्हणाला ऐक. त्याला मी आज सकाळी सांगितलं, कारण त्याच्या पाकिटापासून सुरुवात झाली होती. म्हणाला, "सतरा माझा मी सांगेन. बाकीच्यांचं तुम्ही बोलू नका, मीही नाही बोलणार. आणि आजी, तुम्ही मला भिकारी केलंत." मग उठून माझ्या पोलक्याची उसवलेली बाही शिवून दिली. पैसे घेतले नाहीत. मीही दिले नाहीत, वाद कशाला.

राहिली दुसरी गोष्ट, आणि त्यासाठीच हे लिहिलंय. पैसे तुझे होते. डोळ्यातल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पाठवलेस ते, आणि मग दर महिन्याला थेंबांसाठी पाठवतेस तेही. ऑपरेशन झालं, छान दिसतंय, असं फोनवर सांगितलं ते खोटं. डावा डोळा तसाच आहे आणि उजवाही त्याच्या वाटेला लागलाय. सगळं पुण्य माझ्या नावावर टाकू नकोस, सुरीचीही भीती होतीच, निमित्त आयतं मिळालं. तर गुरुवारच्या आत ये. पैसे आणू नकोस, बँकेचे कागद आण, तू कधी किती पाठवलेस त्याचे. ते त्या माणसासमोर ठेवू, आणि विश्वास बसला नाही तर त्याने माझ्या डोळ्यात बघावं, खोटा हिशोब तिथे दिसतो. तो ऐकेल की नाही, मला ठाऊक नाही. रागवायचं ते स्टँडवरच रागवून घे, शाळेच्या फाटकाच्या आत नको, तिथे पोरं असतात. मी तुला घ्यायला येईन. उतरलीस की जागेवर उभी राहा आणि हाक मार. लांबून मी तुला ओळखणार नाही.

तुझीच,
बेचाळीस नंबरची आजी