चौदाव्या चाचणीचा कागद

लीसाकर, १३ ऑक्टोबर २००२

प्रिय पिरोश्का,

साडेतीन वर्षांनी माझं अक्षर पाहून तू हे पाकीट न उघडताच बाजूला ठेवलंस, तरी मला नवल वाटणार नाही. आपण शेवटचं बोललो ते फोनवर, आणि तो फोन मी ठेवला होता. त्यानंतर तुमची कंपनी बंद झाली, बावीस माणसं घरी बसली आणि तू आता सेगेदच्या एका शाळेत गणित शिकवतेस, एवढं माझ्या कानावर आलं आहे. बेटावरच्या त्या कॉलला आवाज का आला नाही, याचा दोष चौकशीच्या अहवालात तुमच्या यंत्रावर आला. हे पत्र त्याच कॉलबद्दल आहे. मला पत्रं लिहिता येत नाहीत, चाचण्यांचे अहवाल लिहिता येतात. क्रम चुकला तर सांभाळून घे.

माझी बहीण तोरबोर्ग तुला भेटली नव्हती, पण तिचा आवाज तू ऐकला होतास. चाचणीच्या आठवड्यात तिनं हॉटेलवर फोन केला होता आणि तो चुकून तुझ्या खोलीत जोडला गेला. तू दुसऱ्या दिवशी मला म्हणालीस, "तुझी बहीण फोनवर बोलते की बोटीवरून किनाऱ्यावर हाक मारते?" खरं होतं ते. तीस वर्षं ती बेटाच्या धक्क्यावर बोटीची तिकिटं विकायची. वारा असो, इंजिन सुरू असो, तिला कधी दुसऱ्यांदा बोलावं लागलं नाही. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं, आणि मी मोठा झालो हे तिला शेवटपर्यंत पटलं नव्हतं. बेटाच्या दवाखान्यात आमच्या कंपनीचा पडदा आणि कॅमेरा बसला, तेव्हा तिनं फोन करून मला झापलं, "काय रे टीव्हीवाल्या, आता डॉक्टरसुद्धा पेटीतनं पाठवणार का तुम्ही? पेटी बिघडली तर लाथ कुठं घालायची तेवढं लिहून ठेव." मी म्हटलं, लाथ नको, मागचं बटण दाबून पुन्हा सुरू करायची. ती म्हणाली, "म्हणजे लाथच ती. शिकलेल्या माणसाची."

आता मे १९९८ बद्दल लिहितो. ते हॉटेल तुला आठवत असेल. खाली फियोर्डची लांब खाडी, आणि आत एकमेकींच्या गळ्याला नख लावायला टपलेल्या चाळीस कंपन्या एका छपराखाली. पाच दिवस सगळ्यांनी एकमेकांना कॉल करायचे आणि कुणाचं यंत्र कुणाशी बोलत नाही ते शोधायचं. पंचेचाळीस मिनिटांनी घंटा झाली की जोडीदार बदलायचा. पहिल्या सकाळी तू माझा जेवणाचा डबा उघडून पाहिलास आणि म्हणालीस, "पावावर तपकिरी चीज, सोमवार ते शुक्रवार. तुमच्या देशात तुरुंगात तरी बदल देतात का?" आणि बॅगेतून सुरीनं कापलेलं लाल सॉसेज माझ्या पावावर ठेवलंस. माझं तिखटानं नाक वाहायला लागलं. तू सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी हसलीस.

चौदावी चाचणी आपण गुरुवारी दुपारी केली. कॉल करा, तोडा, आणि कुठलंही यंत्र पुन्हा सुरू न करता दुसरा कॉल करा. सगळ्या यादीत ही एकच चाचणी अशी होती की जिच्यात बटणाला हात लावायचा नव्हता. बाकी आपल्या सगळ्यांची रीत काय होती ते तू जाणतेस. प्रत्येक चाचणीआधी यंत्र बंद करून सुरू करायचं, म्हणजे आधीच्या जोडीदाराचा काही कचरा आत राहू नये. समोरच्याचा मान राखणं होतं ते. कुणी केलं नाही तर आपण त्याला अडाणी म्हणायचो. चार दिवसांत मी ते बटण दीडशे वेळा दाबलं असेल.

आवाज थेट ऐकू जाऊ नये म्हणून तुझं यंत्र दुसऱ्या खोलीत होतं. पहिला कॉल नीट झाला. तो तोडायच्या आधी तू म्हणालीस की दुसऱ्या कॉलला मी हंगेरियनमध्ये दहापर्यंत मोजते, तू सांग किती आकडे पोचले. मग दुसरा कॉल लागला, तुझे दहाच्या दहा आकडे आले, मी "उत्तीर्ण" असं लिहिलं. तू येऊन दोन्ही प्रतींवर सही केलीस. माझी सही होत असताना माझ्या लक्षात आलं की दोन कॉलच्या मध्ये माझा हात बटणाकडे गेला होता. सवयीनं. मी मुद्दाम केलं नव्हतं, पिरोश्का, एवढं खरं मान. पण लक्षात आल्यावर बोललो नाही, ते मुद्दाम होतं. घंटेला चार मिनिटं होती, पुढचा जोडीदार खुर्ची ओढून उभा होता, आणि आपली यंत्रं बाकी तेरा चाचण्यांत इतकी छान बोलली होती. मला वाटलं, हीसुद्धा झालीच असती.

पुढच्या फेब्रुवारीत तोरबोर्गच्या छातीत दुखायला लागलं. वादळ होतं, हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. सिनोवे नावाची तरुण नर्स दवाखान्यात एकटी होती. तिनं आमच्या पडद्यावरून मोठ्या रुग्णालयाला कॉल लावला. तिथं फोन आणि पडदा जोडून देणारं यंत्र तुमचं होतं. डॉक्टर दिसला, बोलला, हृदयतज्ज्ञाला बोलावतो म्हणाला, आणि कॉल तुटला. सिनोवेनं लगेच पुन्हा लावला. या वेळी चित्र आलं. आवाज आला नाही.

साधा फोन का केला नाही, असं मला बेटावरच्या प्रत्येकानं विचारलं आहे. दवाखान्याच्या फोनच्या दोन्ही तारा आमच्या पडद्यानं धरून ठेवल्या होत्या, आणि हे त्या मुलीला कुणी शिकवलं नव्हतं. तिला वाटलं, डॉक्टर दिसतोय, तर कॉल तोडायचा नाही. हृदयतज्ज्ञानं औषधाचं नाव आणि मात्रा कागदावर लिहून कॅमेऱ्यासमोर धरली. अक्षरं फुटत होती. तिनं आपला कागद धरला, तोही फुटला. अकरा मिनिटं दोघं एकमेकांना कागद दाखवत होते. शेवटी तिनं अंदाजानं औषध दिलं. औषध बरोबर होतं, वेळ गेली होती.

रुग्णालय असे कॉल शिकवण्यासाठी साठवून ठेवायचं. चौकशीत मला ते चित्रीकरण पाहावं लागलं, कारण यंत्राची माहिती असलेला कंपनीत मीच. सहाव्या मिनिटाला तोरबोर्ग खाटेवर उठून बसते आणि कॅमेऱ्यात पाहून बोलते. मानेच्या शिरा दिसतात, म्हणजे ओरडूनच बोलत असणार. काय म्हणाली ते मला माहीत नाही. सिनोवेला विचारलं, तर ती म्हणाली, "तेव्हा मी कागदावर लिहीत होते हो, माझं लक्ष नव्हतं," आणि रडायला लागली. मी पुन्हा विचारलं नाही.

तेव्हापासून मला आवाज नसलेली माणसं दिसतात. ट्राममध्ये काचेपलीकडे कुणी बोलत असलं की मी मान वळवतो. शेजारीण जिन्यात थांबून काही सांगते आणि मधले दोन-तीन शब्द मला ऐकूच येत नाहीत. डॉक्टर म्हणतात कान उत्तम आहेत. घरी रेडिओ लावून ठेवतो. तोरबोर्गचा आवाज आठवायला बसलो की चित्र स्वच्छ येतं, तिकीटघराची खिडकी, लोकरी टोपी, हलणारे ओठ. पुढं काही येत नाही.

दफन झाल्यावरच्या रविवारी दुपारी मी प्रयोगशाळा उघडली. तुमचं एक यंत्र आमच्याकडे उसनं होतं. पहिला कॉल केला, तोडला. हात मांडीखाली घालून बसलो. दुसरा कॉल केला. चित्र आलं, आवाज आला नाही. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. दोष आमच्याकडे होता. पहिला कॉल संपल्यावर आमचं यंत्र आवाजाची वाट बंद करायला विसरायचं, आणि दुसऱ्या कॉलला ती उघडीच आहे असं समजून उघडायला सांगायचंच नाही. इतर कंपन्यांची यंत्रं स्वतःच वाट उघडून मोकळी व्हायची. तुमचं नियमाप्रमाणे विचारण्याची वाट पाहायचं. तू तुझं यंत्र जसं लिहायला हवं तसंच लिहिलं होतंस.

एप्रिलमध्ये तू फोन केलास. तुला चौकशीत चौदाव्या चाचणीचा कागद दाखवायचा होता. त्यावर "उत्तीर्ण" लिहिलं होतं, तुमचं यंत्र आमच्याशी दुसऱ्या कॉललाही बोलतं याचा तो एकच पुरावा होता. पण कागद दोघांचा. दोघांची लेखी संमती असल्याशिवाय तिसऱ्याला दाखवायचा नाही, नाहीतर कुठलीच कंपनी त्या हॉलमध्ये आपली चूक उघडी करायला आली नसती. तू म्हणालीस, "एक सही, आस्ब्योर्न. माझ्यासाठी नको, इथल्या बावीस जणांसाठी कर." मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा आहे, मी अपवाद करू शकत नाही. तू म्हणालीस, "नियम मला नको सांगूस. तू घाबरलायस का, तेवढं सांग." तेव्हा मी फोन ठेवला. घाबरलो होतो. तो कागद बाहेर आला असता तर कुणीतरी विचारलं असतं की तेव्हा उत्तीर्ण झालेली जोडी बेटावर कशी नापास झाली.

मग मी आमच्या यंत्रातला दोष गुपचूप दुरुस्त केला. नव्या आवृत्तीच्या यादीत त्यापुढे "किरकोळ सुधारणा" असं लिहिलं. तोरबोर्गच्या थडग्यावर मी दर उन्हाळ्यात जातो आणि ती ओळ लिहिणारा हातच तिथं फुलं ठेवतो.

मी हे असंच घेऊन निवृत्त झालो असतो. पण गेल्या सोमवारी माझ्या टेबलावर एक यादी आली. शहरातल्या रुग्णालयांनी काढून टाकलेले आमचे सहा जुने पडदे उत्तरेकडच्या सहा बेटांवर पाठवायचे आहेत. ते इतके जुने आहेत की त्यांत माझी दुरुस्ती बसतच नाही. पलीकडच्या रुग्णालयात अजून तुमचंच यंत्र चालू आहे. यादीखाली "एकमेकांशी चालतात" असं लिहिलेलं होतं आणि मी सही करायची होती. मी केली नाही. वरिष्ठांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आस्ब्योर्न, तुमची बहीण गेली, आम्हाला कळतं हो. जरा सुट्टी घ्या ना." आरोग्य खात्याला लिहिलं, त्यांनी पुरावा मागितला. प्रयोगशाळेतलं तुमचं यंत्र कधीच परत गेलं आहे. माझ्याकडे एक कागद आहे आणि तो मी एकटा दाखवू शकत नाही. खात्यातल्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, "दोन्ही सह्या आणा, मी त्याच दिवशी पाठवणी थांबवते."

म्हणून हे पत्र. सोबत तो कागद आहे आणि संमतीचा फॉर्म आहे. माझी सही झाली आहे. साडेतीन वर्षांपूर्वी तू मागितलीस तेव्हा मी दिली नाही, तीच आज मी तुझ्याकडे मागतो आहे, आणि तू नियम सांगून नाही म्हणालीस तर मला उलट बोलायला तोंड नाही. मैत्रीखातर करू नकोस, ती मी घालवली. कागद बाहेर आला की तुमच्या यंत्रावरचा दोष जाईल, पण कंपनी परत येणार नाही, हेही मला कळतं. पडदे घेऊन बोट चार नोव्हेंबरला सुटते. "उत्तीर्ण" हा शब्द मी खोडला आहे आणि त्या दुपारी माझ्या हातानं काय केलं ते त्याच्यापुढे शाईनं लिहिलं आहे. आधी ते वाच. मग तुझ्या नावापुढची जागा रिकामी आहे.

तुझाच, जर अजून तसं लिहू देत असशील तर,
आस्ब्योर्न