चार हजार फोटो

११ मार्च
पुन्हा श्रीगणेशा! मेढा झालं, लोणंद झालं, आता तासगाव. मोबाइल कसा धरायचा इथपासून शिकवायचं. घसा बसलाय. रोज सांगलीहून एसटी, उभ्यानं. साताऱ्याच्या बैठकीत आमच्या संस्थेचे साहेब म्हणाले होते, लोकांना डिजिटल येतं तिथं नवे धंदे उभे राहतात. राहत असतील.

शेड सयाजीरावांची. बारा बायका बेदाणा निवडतात – चांगला वेगळा, डागी वेगळा. दोन्हींचे वेगवेगळे फोटो काढून ॲपवर टाकायचे, एवढंच शिकवायचं.

१३ मार्च
बनुबाईंचे सत्तर फोटो. साठांत त्यांचा अंगठा.

अंजनाबाई मात्र पटकन शिकल्या. वीस वर्षं निवडतायत, न बघता बोटांना कळतं त्यांच्या. आज विचारलं, "एवढ्या फोटूंचं काय करायचं, मॅडम?" खोटं बोलवेना. सांगून टाकलं – निवडणारं मशीन येतंय, ते तुमच्या फोटोंवरून शिकणार. सगळ्या अंजनाबाईंकडे बघायला लागल्या. मग त्याच म्हणाल्या, "बरं. उजेडाकडं तोंड करून काढायचा न्हवं?"

लाज वाटली मला. पण माझा करार एप्रिलअखेर संपतो. पुढच्या वर्षीचा करार याच कामाच्या अहवालावर ठरणार. ताट उजेडात कसं ठेवायचं ते दाखवलं.

१९ मार्च
डागी बेदाण्याचे चार हजार फोटो पूर्ण, चांगल्याचेही तेवढेच. सयाजीराव खूश. मी नुसती दमलेय.

८ एप्रिल
मशीन सुरू झालं आणि फजिती! हिरवागार, चांगला बेदाणा डागीच्या खोक्यात फेकतंय. मशीनच्या कंपनीच्या माणसानं फोटो उघडले. डागीच्या ताटांत सगळा चांगलाच माल – काळे दाणे वेचून काढलेले, रुखवत मांडावं तसा छान पसरलेला.

सयाजीराव सगळ्यांदेखत म्हणाले, "काय शिकवलंसा हो तुमी?" माझंच चुकलं. फोटो म्हटलं की आपल्या बायका आधी पदर सारखा करतात. चार लोक बघणार म्हटल्यावर खराब माल पुढं कशा ठेवतील? हे बजावून सांगायला हवं होतं. एसटीत रडू आलं.

मशीन परत गेलं. पुढच्या हंगामाला बघू, सयाजीराव म्हणाले. बायका पुन्हा निवडायला बसल्या.

१० एप्रिल
निरोप घ्यायला शेडवर गेले. अंजनाबाईंना म्हटलं, माझ्या शिकवण्यात कसर राहिली. त्यांनी हात थांबवला नाही. एवढंच म्हणाल्या, "आवं, चूक एकदा व्हती, दोनदा व्हती. चार हजार येळा व्हत न्हाई."

बाकीच्या अकराजणी खाली मान घालून निवडत होत्या. मला परत रडू येईल असं वाटलं, पण हसू आलं.

११ एप्रिल
अहवाल पाठवला. 'प्रशिक्षिकेने नीट शिकवले नाही.' खाली सही – माझी.